फोटोत सीट धरलेली बाई

मी एकटीने सायकलवर हिमालयातल्या खिंडी ओलांडून मनालीहून लेहला जाणार, ही बातमी आमच्या गावात, मोताळ्यात फुटली तेव्हा पहिला प्रश्न आमच्या मुख्याध्यापकांनी विचारला. "मॅडम, सरांच्या जेवणाचं काय?"

सर म्हणजे माझे यजमान. ते कुठल्याच शाळेत सर नाहीत. बसस्टँडजवळ त्यांचं बी-बियाण्याचं, खतं-औषधांचं दुकान आहे. पण शिक्षिकेचा नवरा आमच्याकडे परीक्षा न देताच सर होतो. जून महिना पेरणीचा. दुकानात कपाशी आणि सोयाबीनच्या पिशव्यांसाठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली असतात. त्या दिवसांत बायको स्वयंपाकघरात आहे की हिमालयात, हे त्यांच्या ध्यानात यायलाही वेळ लागला असता. त्यांनी मला एकच विचारलं, "वापस कधी?" मी म्हटलं, शाळा उघडायच्या आत. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि एका गिऱ्हाइकाला तणनाशक समजावून सांगायला लागले.

तयारी मी हिवाळ्यातच सुरू केली होती. रोज पहाटे राजूर घाट चढून बुलडाण्याला जायचं आणि उतरून शाळेच्या वेळेला परत यायचं. थंडीत हँडल धरवत नसे. पण खरा त्रास थंडीचा नव्हता, सज्जनांचा होता. घाटात जो तो गाडी थांबवायचा. दूधवाले, भाजीची पिकअप, बुलडाण्याच्या दवाखान्यात निघालेली जोडपी. "मॅडम, गाडी बंद पडली का? सोडून देऊ?" पंचेचाळिशी ओलांडलेली, पगारदार बाई घरात स्कूटी असताना सायकलवर घाट का चढते, याचं उत्तर कुणालाच सापडत नव्हतं. "आवडतं म्हणून" असं म्हटलं की समोरचा चिंतेत पडायचा. शेवटी मी "शुगर आहे" असं ठोकून द्यायला लागले. लगेच सगळ्यांचे चेहरे निवळले. आमच्याकडे रोग सांगितला की माणसं शांत होतात, हौस सांगितली की बेचैन होतात.

मलकापूर स्टेशनवर ऊन असं होतं की फलाटावरची कुत्री सावलीसोबत सरकत होती. मी सुटी केलेली सायकल मोठ्या खोक्यात भरून उभी होते आणि पिशवीतून लोकरीचे हातमोजे डोकावत होते. शेजारचे गृहस्थ बराच वेळ खोक्याकडे पाहत राहिले. "कूलर हाय का?" मी हो म्हटलं. त्या उन्हात खरं सांगून आणखी गोंधळ कशाला घालायचा?

मनालीपासून पहिल्या खिंडीची चढण सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी अंगावर पडत होतं. बोटांची जाणीव गेली, ब्रेक दाबला की नाही हे पाहून ठरवावं लागे. एकटेपणात माणूस स्वतःला भेटतो, असं या सायकलवाल्यांच्या मेळाव्यांत फार सांगतात. त्या चढणीवर मलाही मी भेटले. फार कुरकुर करणारी बाई निघाली. तिला पाणी गार लागत होतं, सीट टोचत होती, आणि घरी असते तर एव्हाना दुसरा चहा झाला असता, हे ती दर वळणावर सांगत होती. एकदा तर मी रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून चक्क रडले. दुःख काही नव्हतं, फक्त नाक पुसायला बोटं वळत नव्हती.

रडून झाल्यावर पुन्हा निघाले, कारण थांबून राहणं त्याहून थंड होतं.

खिंडीचा माथा म्हणजे निःशब्द बर्फ, फडफडणाऱ्या पताका आणि मी, असं माझ्या डोक्यातलं चित्र होतं. पताका होत्या. बाकी सगळी जत्रा होती. चिखल झालेला बर्फ, गाड्यांची रांग, मॅगीच्या टपऱ्या, फोटोसाठी उभा केलेला एक वैतागलेला याक आणि भाड्याचे रंगीबेरंगी कोट घातलेली शेकडो माणसं. मी सायकलवरून उतरले, श्वास घेतला आणि धुक्यातून आवाज आला:

"काऊन बे, दार लावून घे ना! हवा आत येऊन राह्यली!"

माझे पाय तिथंच थबकले. आमच्याच जिल्ह्यातली, संग्रामपूर भागातली मंडळी ट्रॅव्हलर भाड्याने घेऊन सहलीला आली होती. गळ्यात शिट्टी अडकवलेले त्यांचे म्होरके निवृत्त ग्रामसेवक होते. मी मराठीत बोलल्याबरोबर मला गराडा पडला.

"कोणतं गाव?"

"मोताळा."

"मोताळ्यात कोनाच्या?"

मी सासरचं आडनाव सांगितलं. लगेच कुणाची तरी आत्या मोताळ्याला दिलेली निघाली, कुणी आमच्या दुकानातून बियाणं नेलेलं निघालं, आणि ते उगवलं नव्हतं हेही तिथंच, बर्फात, माझ्या कानावर घालण्यात आलं. मग ग्रामसेवक गंभीर झाले.

"मॅडम, एकट्या काऊन हिंडून राह्यल्या? घरी काई भांडन-गिंडन झालं का?"

"नाही हो. सायकलवर लेहला निघाले."

"सायकल टपावर टाकू. तुमाले मनालीले सोडून देतो."

"पण मी मनालीहूनच आले."

"मंग तं सोपंच झालं!"

त्यांना समजावणं चढणीपेक्षा अवघड होतं. शेवटी त्यांनी मला गाडीत कोंबलं, मांडीवर शाल टाकली आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत गार, चिवट पोळी हातात दिली. ती पोळी मी कशी खाल्ली ते मलाच ठाऊक. बोटांत जीव आला तेव्हा ती अशी ठणकायला लागली की डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, आणि "पाह्य, माहेरची आठवन आली बिचारीले" असा निर्वाळा मागच्या सीटवरून मिळाला.

खिडकीपाशी एक आजी बसल्या होत्या. नऊवारीवर लालभडक भाड्याचा कोट, डोक्याला माकडटोपी. गाडीतले सगळे मला सल्ले देत होते, या एकट्या मात्र बाहेर उभ्या असलेल्या माझ्या सायकलीकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला.

"मले बसू देशील का वं तिच्यावर?"

पुढच्या सीटवरून त्यांचा मुलगा वळला. "माय, पडशीन! हाडं मोडतीन!"

"पडली तं बरफात पडीन. मऊच हाय."

त्या उतरल्या. मुलाने एक बाजू धरली, ग्रामसेवकांनी दुसरी, सुनेने नऊवारीचा काष्टा सावरला आणि मी मागे वाकून दोन्ही हातांनी सीट धरली. आजी वर बसल्या. हँडल धरलं, घंटी वाजवली, तसा याकाने मान वर केली आणि आजी खदखदून हसल्या. तेवढ्यात ग्रामसेवकांनी आपली बाजू सोडून फोटो काढला. सायकल कलली, मी ती पोटाने रोखली. मग सगळे गाडीत बसले, सगळ्यांनी मला पुन्हा एकदा परत फिरायला सांगितलं, आणि गाडी खाली मनालीकडे गेली. मी दुसऱ्या बाजूने उतरले.

त्यापुढचे दिवस मात्र खरोखर माझे होते. पुढच्या खिंडींवर जत्रा नव्हती. फोनला रेंज नव्हती. तंबूतल्या ढाब्यावर डाळभात खायचा, अंगावर असतील तेवढे कपडे घालून निजायचं आणि सकाळी गोठलेल्या बाटलीतलं पाणी वितळण्याची वाट बघायची. एका खिंडीत वाऱ्याने मला सायकलीसकट रस्त्याच्या दुसऱ्या कडेला नेऊन ठेवलं. मी कुठंही रेकॉर्ड वगैरे केला नाही. जिथं चालवणं जमलं नाही तिथं ढकलत नेली, आणि अशा जागा पुष्कळ होत्या. पण लेहला पोचले. स्वतःच्या पायांनी.

लेहला फोन जिवंत झाला आणि थरथरत राहिला. मला वाटलं, घरचे काळजीत असतील. पहिला मेसेज यजमानांचा होता. त्यात एक फोटो आणि खाली ओळ: "ह्या आजी पाह्य. शिक काही तरी."

तोच फोटो होता. वर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "सातपुड्याच्या लेकीने सायकलवर केला हिमालय सर! सत्तरीतल्या आजींचा नऊवारीत पराक्रम!" आणि खाली बारीक, "सोबत मदतनीस." मदतनीस म्हणजे सीट धरून ओणवी झालेली बाई. तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ज्या पाठीमागे बसून यजमानांनी माझ्या स्कूटीवरून अर्धा तालुका पाहिला, ती पाठ त्यांना ओळखू आली नाही. मुख्याध्यापकांनीही तोच फोटो हात जोडून पाठवला होता. शाळेच्या ग्रुपवर तर एका सहकाऱ्याने मला उद्देशून लिहिलं होतं, "मॅडम, अजून वेळ गेलेली नाही. प्रयत्न करा."

मी ग्रुपवर लिहिलं, की ती मीच आहे आणि सायकलही माझीच आहे. त्यावर तीन अंगठे आणि एक हसरा चेहरा आला.

शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी संग्रामपूरला आजींचा जाहीर सत्कार ठेवला होता. ग्रामसेवकांनी मला आवर्जून बोलावलं. "तुमी तं डोळ्यानं पायलं ना मॅडम!" खोटं कशाला बोलू, मी जळत होते. एसटीत बसून पूर्ण वाट भाषण घोकत गेले. ते सभ्य होतं, पण त्यात सत्य ठासून भरलेलं होतं.

मंगल कार्यालयाच्या दारावर बॅनर होता. आजी घोड्यावर बसल्यासारख्या सायकलवर, मागे हिमशिखरं वाढवून लावलेली. मला छान कापून काढलं होतं. सीटखाली माझी चार बोटं तेवढी उरली होती. आत एक स्थानिक पुढारी स्त्रीशक्तीवर बोलत होते. तिथून ते व्यायामावर आले, व्यायामावरून सातपुड्याच्या पायथ्याला सायकल मार्ग करण्याच्या आश्वासनावर आणि मग आपल्या गाडीकडे निघाले, कारण त्यांना पुढचा कार्यक्रम होता.

आजींच्या हातात माईक दिला. त्या सरळ म्हणाल्या, "मी काई सायकल चालवली नाई. मी निसती बसली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाले, "बघा! एवढं करूनही केवढी ही नम्रता!"

"अरे बाप्पा, खरंच सांगून राह्यली," आजी चिडल्या. "चालवली त्या मोताळ्याच्या बाईनं. मी खाली उतरली अन् गाडीत बसून वापस आली."

टाळ्या दुप्पट झाल्या. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, माईक परत दिला आणि जाऊन बसल्या.

मग मला पुकारलं. शाल आली, नारळ आला. मी घोकलेलं भाषण आठवू लागले, पण नम्रतेची ती गत पाहिल्यावर सत्याचं काय होणार हे कळून चुकलं होतं. तरी म्हटलं, "सायकल माझी होती."

"आजींना सायकल उपलब्ध करून देणाऱ्या मॅडमचं जोरदार अभिनंदन!" सूत्रसंचालक म्हणाले, आणि मी दानशूर म्हणून खाली उतरले. तालुक्याच्या बातम्यांत दुसऱ्या दिवशी तसंच छापून आलं. शाळेने माझा वेगळा सत्कार करायचं ठरवलं होतं, पण आता गरज उरली नाही असं त्यांचं मत पडलं.

कार्यक्रमानंतर आजींनी माझा हात सोडला नाही. जवळच्या गावात त्यांचं घर होतं, तिथं जेवायलाच नेलं. घरी पोचल्यावर ओसरीवर मला शेजारी बसवलं आणि विचारलं, "आमची गाडी तठूनच पलटली वं. तू उतरली तिकडं. तिकडं काय होतं?"

गेल्या महिन्याभरात मला खूप प्रश्न विचारले गेले होते. सरांनी काय खाल्लं, बाईमाणसाची रस्त्यावर सोय कशी होते, नवऱ्याने परवानगी कशी दिली. पलीकडे काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. खिंड उतरल्यावर झाडं संपतात. डोंगर उघडेच असतात, कुठं जांभळे, कुठं आपल्या वाळल्या कडब्यासारखे पिवळट. नदी इतकी गार की पाय बुडवला की ओरड फुटते. माणूस दिसत नाही दिवसभर.

"अन् तुले भेव?"

"लागलं ना. फार लागलं."

"मंग?"

मग वाऱ्याने सायकलीसकट उचलल्याची हकिकत सांगितली. आजींनी तोंडावर पदर धरला आणि पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. तिथं तो प्रसंग मुळीच हसण्यासारखा नव्हता.

आतून सुनेने ताटं वाढल्याची हाक दिली. एकदा दिली, दोनदा दिली. भाकरीचा वास ओसरीपर्यंत आला होता आणि मला भूकही लागली होती. मी उठायला लागले, तर आजींनी माझ्या हाताला धरून खाली बसवलं.

"थांब वं जराशी," त्या सुनेला ओरडून म्हणाल्या, "आमच्या अजून दोन खिंडी राह्यल्या!"