चाळिसाव्या वर्षी पाण्यात उतरलेले जाधव

दादाराव जाधव गेले तेव्हा इकडं अमेरिकेत, नोव्हायमध्ये, मार्च संपत आला होता आणि तळ्यांवरचा बर्फ नुकता सुटला होता. वय सत्तावन्न. स्वादुपिंडाचा कॅन्सर, चार महिन्यांत कारभार आटोपला. रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती आणि त्यांच्या मुलीनं, उपासनानं, मला फोन करून सांगितलं, "शुभाकाकू, तुम्ही पाच मिनिटं बोलायचं हं." मी लगेच हो म्हटलं. बोलायला मला कधी कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

आणि काय बोलायचं ते तर ठरलेलंच होतं. जाधवांचा एक किस्सा मी चौदा वर्षं सांगत आले होते. मराठी मंडळाचं पॉटलक जेवण असो, गणपती असो, मी सुरू झाले की आमचे हे म्हणायचे, "झालं, आता विहीर आली."

तो किस्सा असा. जाधव वाशिमकडच्या एका खेड्यातले. गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारे इंजिनिअर, अंगानं काटकुळे, बोलणं कमी. एकदा ऑफिसची पिकनिक तळ्यावर होती. सगळ्यांनी धडाधड उड्या टाकल्या आणि हे काठावर लोकांच्या चपला सांभाळत बसले. पुढच्याच सोमवारी त्यांनी नोव्हायच्या पूलमध्ये नाव घातलं. बिगिनर्सच्या वर्गात सगळी सहा-सहा वर्षांची पोरं, आणि त्यांच्या रांगेत कडेला पाय सोडून बसलेला हा चाळिशीचा बाप्या! शिकवणारी कॉलेजातली मुलगी. पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं तेव्हा तिनं पोरांना दिलं तसं यांनाही डॉल्फिनचं स्टिकर दिलं. त्यांनी ते ऑफिसच्या लॅपटॉपवर लावलं होतं, मी स्वतः पाहिलंय.

त्यानंतर माणूस पाण्यातच राहायला गेला म्हणा ना. तीन वर्षांत पोहण्याचं सर्टिफिकेट, मग कयाक नावाची चिंचोळी होडी, मग तंबू. मे ते सप्टेंबर त्यांच्या व्हॅनच्या टपावर एक होडी बांधलेलीच असायची. भाजी आणायलासुद्धा होडीसकट. दर शनिवारी सकाळी आठ वाजता आपल्या लोकांची बारा-पंधरा मुलं घेऊन तळ्यावर. फुकट. पण नियम कडक. जो पाठीवर पाच मिनिटं शांत तरंगून दाखवेल त्यालाच कयाकला हात लावायला मिळायचा. आईबापांनी कितीही घाई केली तरी ऐकायचे नाहीत. एका बाईंनी, नाव घेत नाही, "माझ्या सिद्धेशला पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे" म्हणून हुज्जत घातली, तर हे शांतपणे म्हणाले, "मग स्पर्धा पुढच्या वर्षी."

माझी रेणू आठ वर्षांची असताना तिथं जायला लागली. पाणी बघितलं की गळा काढायची. पहिले पाच शनिवार तिनं फक्त घोटे भिजवले. जाधव तिच्याशेजारी तेवढ्याच पाण्यात उभे राहायचे, बाकीच्या पोरांवर लक्ष ठेवत. सहाव्या शनिवारी त्यांनी तिच्या डोक्याखाली तळहात धरला आणि ती आडवी झाली. मी काठावरून बघत होते. पुढं हीच पोरगी कॉलेजात लाइफगार्ड झाली.

त्या सहाव्या शनिवारी मी इतकी खूश झाले की सगळ्या पालकांसमोर त्यांना म्हटलं, "अहो जाधव, तुम्ही गावाकडचे ना? आमच्या सांगलीकडं पोर पाच वर्षांचं झालं की पाठीला रिकामा डबा बांधून देतात विहिरीत ढकलून. तुम्हाला कुणी ढकललं नाही का?" ते म्हणाले, "नाही ढकललं कोणी." आणि हसले. सगळेच हसले. त्यानंतर दर उन्हाळ्यात मी तेच विचारायचे आणि ते तेच उत्तर द्यायचे.

तर शनिवारी, सभेच्या आदल्या दिवशी, मी त्यांच्याकडं पोळ्या घेऊन गेले. उपासना फोटो निवडत होती. मी म्हटलं, "मी विहिरीचा किस्सा सांगते हं, लोकांना जरा हलकं वाटेल."

ती फोटोतून मान वर न करता म्हणाली, "काकू, तो नका सांगू."

"का गं? बाबा स्वतः हसायचे."

"काकू, बाबांना विहिरीत कोण ढकलणार? आमच्या लोकांना विहिरीच्या काठावर अलाउडच नव्हतं. बाबा सात वर्षांचे असताना एकदा नुसते बघायला गेले, तर लोकांनी आजोबांना बोलावून मारलं. बाबांच्या समोर." मग तिनं वर बघितलं. "आय थॉट यू न्यू."

जाधव बौद्ध आहेत हे मला ठाऊक होतं. सुरुवातीला नव्हतं, जाधव आमच्या जातीतही आहेत. पण दोन-तीन वर्षांत घरी येणंजाणं झालं, हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो पाहिला, जयंतीला त्यांच्याकडची खीर दोन-दोन वाट्या खाल्ली. सगळं ठाऊक होतं आणि तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. पुढची दहा-अकरा वर्षं मी तेच विचारत राहिले.

घरी येऊन आमच्या विहिरीत कोण कोण पोहायचं ते आठवायला बसले. चुलतभाऊ, पाटलांची पोरं, गुरवाचा नाना, शिंप्याची दोघं. बौद्धवाड्यातलं एकही नाव आठवेना. भावाला गावी फोन लावला. तो म्हणाला, "ती पोरं कशाला येतील आपल्या विहिरीवर? त्यांचं वेगळं असायचं." मी विचारलं, "वेगळं म्हणजे कुठं?" तर म्हणाला, "ताई, इथं रेंज नाही, नंतर बोलू." त्याच्या घरात वायफाय आहे.

रविवारी हॉल भरला होता. त्रिशरण, पंचशील झालं. त्यांच्याकडं शिकलेली मुलं बोलली, बरीचशी इंग्रजीत. रेणू नोकरीच्या गावाहून, बेलव्ह्यूहून आली होती, तिला चार वाक्यांच्या पुढं बोलता आलं नाही. मग माझं नाव पुकारलं. मी तयारी काहीच केली नव्हती. मी उभी राहिले आणि किस्सा सांगितला. डबा, विहीर, माझा प्रश्न, त्यांचं उत्तर. दोन-चार जण सवयीनं हसले. मग मी म्हटलं, "आमच्या विहिरीत त्यांच्या समाजातलं एकही पोर कधी पोहलं नाही. मी त्याच विहिरीत लहानाची मोठी झाले आणि मला हे काल कळलं. मी त्यांची माफी मागायला चौदा वर्षं उशीर केला." मी जागेवर येऊन बसले. खोटं कशाला सांगू, मला जरा बरं वाटत होतं. आपण मोठ्या मनानं काहीतरी केलं असं.

सभा संपल्यावर मी नैनाला, त्यांच्या बायकोला, भेटले. ती म्हणाली, "बोललात ते बरं झालं." मी म्हटलं, "पण नैना, त्यांनी मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं गं? मी गप्प बसले असते."

ती म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर मी पण हेच विचारलं होतं. तर म्हणाले, रेणूच्या आईला आडनावावरून कळलेलं दिसत नाही. आता सांगितलं आणि त्यांनी पुढच्या शनिवारी पोरगी पाठवलीच नाही तर? नुकतीच कुठं आडवी व्हायला लागली आहे. या वेळी थांबली तर पुन्हा पाण्यात उतरणार नाही ती."

मी तोंड उघडलं. पाठवलं असतं गं, असं कसं बोलतेस, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या वर्षीची मी, फोनवर सासूबाईंना रोज सगळं सांगणारी, नवीन ओळख झाली की आधी आडनाव आणि मग गाव विचारणारी, ती मला चांगली माहीत आहे. नैना माझ्याकडं बघत उभी होती, उत्तराची वाट बघत, आणि मला ते वाक्य म्हणता आलं नाही.