दोन कळांमधली उसंत

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'बी विंगच्या लतामावशी गेल्या', तेव्हा मी घणसोलीला आमच्या रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये ब्युरेटचे थेंब मोजत होते. मोजणी चुकली. ती तशीच सोडून उठले... त्याला आता महिना होईल. मावशी मूळच्या साताऱ्याच्या. वाशीतल्या एका प्रसूतिगृहात तीस वर्षं नर्स होत्या आणि बारा वर्षांपूर्वी, माझ्या सईच्या वेळी, माझ्या उशाशी उभ्या होत्या.

मला चौकशा फार. त्या दिवशी सकाळपासून माझ्या कळा काही जोर धरेनात, म्हणून डॉक्टरांनी सलाईनमधून कळा वाढवायचं औषध सुरू करायला सांगितलं. मी लगेच विचारलं, "थेंब इतके कमी का?" मावशींचा एक हात माझ्या पोटावर होता आणि डोळे मनगटावरच्या पुरुषी, मोठ्या तबकडीच्या घड्याळावर. सेकंदकाट्यावर त्या कळ मोजत. म्हणाल्या, "आपलं शरीर जे बनवतंय, तेच बाटलीत हाय. पन शरीराला माप ठाव असतंय, बाटलीला न्हाई. म्हनून थोडं थोडं वाढवायचं."

उत्तर पटलं, पण धीर कुठला! थेंब दुप्पट केले की काम निम्म्या वेळात, हे माझं लॅबमधलं गणित. मावशी शेजारच्या टेबलावरच्या बाईला बघायला गेल्या आणि मी हात लांबवून नळीवरचं चाक फिरवलं. थोड्याच वेळात कळ आली ती ओसरेचना, एक संपायच्या आत दुसरी. मावशींनी येऊन पोटावर हात ठेवला मात्र, चाक बंद केलं, मला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरांना हाक मारली. बाळाचे ठोके मंदावलेले मला यंत्रावर ऐकू येत होते. तशी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही... मग ठोके हळूहळू ताळ्यावर आले. "थेंब जास्त पडले, माझं लक्ष हवं होतं," एवढंच मावशी डॉक्टरांना म्हणाल्या. दुपारी सई जन्मली, चांगली ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी मी रडत कबुली दिली. "ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "अगं पोरी, दोन कळांच्या मधी पोट सैल पडतंय, तवा बाळाला दम खायला मिळतो. औषध कळ आनतंय, मधली उसंत आपन राखायची." त्यानंतर त्यांच्या हातचा चहा पीत मी किती प्रश्न विचारले असतील! पूर्वीचे काढे खरंच लागू पडायचे का, कुणाला औषध लागणार ते आधी का कळत नाही... "ते डाक्टरलाबी कळत न्हाई," म्हणून हसायच्या.

परवा त्यांच्या सुनेनं ते घड्याळ सईला आणून दिलं. मावशींनी तसं सांगून ठेवलं होतं. "मलाच का?" सईनं विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं, चाकासकट. तिनं घड्याळ मनगटावर बांधलं, सेकंदकाटा बघितला. मग म्हणाली, "आई, माझे ठोके किती सेकंद मंदावलेले होते गं?"

त्या वेळी घड्याळाकडे एकट्या मावशींचं लक्ष होतं. आणि इतक्या चौकशा करणारी मी, बारा वर्षांत तेवढं एक विचारायचा मला धीर झाला नाही.