बरा झाल्याचा बोर्ड

क्रांती आमच्या समोर राहते, कळंब्यात. साड्यांना फॉल लावून देते. तिचा आदर्श आठ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. तो दुसरीच्या वर्गात टिकतो ते क्रांती शेजारी बसते म्हणून. तिचा हात पाठीवर नसला की कान दाबून बाकाखाली शिरतो. वर्गात बसायची परवानगी मिळवायला तिनं मुख्याध्यापिकाबाईंकडं किती हेलपाटे घातले ते मी बघितलंय. मांडीवर साडी घेऊन ती टाके घालते आणि पोराकडं लक्ष ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी चुंबकाच्या मशीनचा उपचार सुचवला. आदर्श खुर्चीत बसायचा, डोक्याजवळ धरलेली मशीन टकटक करायची, क्रांती त्याचे हात धरून असायची. मी एकदा सोबत गेले होते. डॉक्टर सरळ माणूस. माझ्यासमोर म्हणाले, यावर अजून अभ्यास चालू आहे, हा जोडीचा उपचार आहे, यानं ऑटिझम जात नाही, बोलायचे धडे थांबवू नका. झालंही तसंच. पोर रात्री झोपायला लागलं, स्वतःचा हात चावणं कमी झालं. बस्स.

मग एकदा जेवताना तो क्रांतीच्या दिराकडं बघून 'काका' म्हणाला. दीर म्हणजे अमरसिंह, गल्लीतल्या तालीम मंडळाचा कार्यकर्ता. तो ताटावरच रडला. त्या एका शब्दासाठी क्रांतीनं दोन वर्षं फोटो दाखवून दाखवून घसा कोरडा केला होता. अमरसिंहला दिसली ती मशीन.

आणि चौकात बोर्ड लागला. 'चुंबकीय उपचाराने ऑटिझमवर विजय! चि. आदर्श पूर्ण बरा झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधे आदर्शचा रिक्षाएवढा चेहरा, खाली गॉगल घातलेले शुभेच्छुक.

लिहितानाही माझं डोकं तापतं. आदर्शसाठी मीही रोज अंबाबाईला हात जोडते. तिनं काही दिलं असेल तर दिलं, पण तिनं चौकात बोर्ड लावला नाही.

स्वतःचा एवढा मोठा चेहरा बघून पोर पुढं पाऊल टाकेना. क्रांतीच्या दंडात नखं रुतवली. तिनं त्याला मागच्या बोळातून शाळेत नेलं, तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तो बरा झालाय, आता तुम्ही बसायची गरज नाही, इतर पालक विचारतात. तिनं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. बाई म्हणाल्या, तुमच्या घरच्यांनीच लिहिलंय की. वर्गाचं दार लागलं. आत आदर्श ओरडत राहिला, बाहेर ती दार वाजवत राहिली. शेवटी त्यांनीच त्याला बाहेर आणून दिलं, कपाळावर टेंगूळ घेऊन.

तशीच ती तालमीत गेली, मी मागोमाग. पोरं कॅरम खेळत होती. अमरसिंह म्हणाला, वहिनी, आनंदानं लावलाय, चार लोक कौतुक करायला लागलेत, आता उतरवला तर सगळी हसतील.

"हसू देत. माझ्या पोराला हसत हुती, तवा कुठं हुता तुमचा बोर्ड?"

कॅरम सोडून पोरं शिडी आणायला उठली. बोर्ड उतरला.

तेवढ्यावर तिनं सोडलं नाही. बोर्ड गेला तरी लोकांनी वाचलेलं कुठं जातंय, म्हणाली, आणि सकाळी दिराला शाळेत घेऊन गेली. फुटबॉलच्या मॅचला ज्याची आरोळी सगळ्या मैदानाला ऐकू जाते, तो बाईंच्या टेबलापुढं खाली मान घालून पुटपुटला, "पोरगं बरं झाल्यालं न्हाय."

"मोठ्यानं बोला, भावजी," क्रांती म्हणाली. "बोर्ड मोठा हुता."

त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. त्याचे डोळे भरले होते. मला दया आली, तिला आली नाही. बाई काही बोलायच्या आत ती आदर्शचा हात धरून वर्गात गेली आणि त्याच्या बाकावर बसली.