तळाचं तेल

अक्का गेल्याचं मला किराणा दुकानात कळलं. कोपऱ्यावरच्या दुकानात तेलाची एक किलोची पिशवी घ्यायला गेले होते. दुकानदाराने पिशवी समोर ठेवली आणि गल्ल्यात सुट्टे शोधता शोधता म्हणाला, "तुमच्या त्या डब्यावाल्या अक्का वारल्या ना जळगावला. परवा." मला माहीत असणारच, असं त्याला वाटलं होतं. पण मला कळवणार कोण? दहा वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी पिशवी घेतली, घरी आले, गॅसवरचं वरण उतरवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही. आपल्याला रडायचा हक्क तरी आहे का, हेच आधी ठरेना. त्याला आता पाच आठवडे होतील...

लीलाअक्का पारोळ्याकडच्या. धुळ्यात देवपुरात पाच भाडेकरूंची एक ओळ होती, त्यात त्यांची चौथी खोली आणि माझी पाचवी. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे फोडणी बसली की मला शिंक यायची. त्यांचे यजमान एस.टी.च्या वर्कशॉपात, आमचे हे तहसील कचेरीत कारकून. पाचही घरांत वीस तारखेनंतर गोड काही होत नसे. अक्का आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, शाळा चौथीपर्यंत, पण संसार कसा रेटायचा हे त्यांनी आम्हाला शिकवलं. किराणा मालाची यादी लिहायची ती एक दिवस देव्हाऱ्याखाली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वाचून त्यातल्या दोन वस्तू खोडायच्या. अंगाच्या साबणाची वडी आणली की कागद काढून महिनाभर खिडकीत वाळवायची, म्हणजे झिजत नाही. तूर पारोळ्याच्या बाजारातून थेट आणायची आणि डाळ घरी करायची. भाजीबाजारात शिरल्या शिरल्या घ्यायचं नाही, शेवटच्या टोकाला जाऊन परत फिरताना घ्यायचं. मी त्यांना चिडवायचे, की अक्का, तुम्ही देवाला नारळसुद्धा हलवून, भाव करून वाहत असाल. त्या हसायच्या. पुढचे दोन दात पडले होते आणि ते बसवायचे त्या लांबणीवर टाकत होत्या.

तेलाची कल्पनाही त्यांचीच. दुकानात सुटं तेल महाग पडायचं आणि त्यात काय मिसळलंय ते देव जाणे. मिलमधून शेंगदाण्याच्या तेलाचा पंधरा किलोचा अख्खा डबा घेतला तर किलोमागे चांगला फरक पडायचा. पण एका घराला एकदम डबा परवडत नव्हता. मग पाच घरांनी मिळून महिन्याला एक डबा आणायचा ठरला. लोटगाडीवरून डबा यायचा, अक्कांच्या ओसरीत कोपऱ्यात बसायचा, आणि त्यांचा नियम असायचा, "चार दिन डबाले हात लावाना नही." पाचव्या दिवशी दुपारी आम्ही चौघी आपापल्या बरण्या घेऊन जमायचो. अक्का झाकण कापायच्या आणि उभ्या दांड्याच्या पितळी मापाने, श्वास रोखल्यासारखं हळूहळू, वरवरचं तेल काढायच्या. प्रत्येकीला बारा मापं. बारावं झालं की वर आणखी अर्धं, सांडलवंडलं म्हणून. चौघींचं झालं की मात्र माप पुसून ठेवायच्या आणि उरलेला डबा तसाच उचलून आत न्यायच्या. मी एकदा सहज विचारलं, तुमचं नाही मोजत? तर हसून म्हणाल्या, "तळ मना शे. वरलं बठ्ठं तुमनं." तळ माझा, वरचं सगळं तुमचं.

ते हसणं माझ्या डोक्यात राहिलं. माझं तेल वीस तारखेच्या आत संपायचं, अक्कांचं महिनाभर पुरायचं. शिवाय रिकामा डबा दरवेळी त्यांनाच. त्यांच्या घरात कप्प्यावर ओळीने डबे उभे होते, गहू, दादर ज्वारी, तांदूळ, आणि मी पत्र्याच्या फुटक्या पिपात गहू ठेवत होते. वर मिळणारं ते अर्धं माप मला दिसत नव्हतं असं नाही, पण मला ती लाच वाटायची. आणखी एक गोष्ट होती. त्यांची मंदा आणि तिचा भाऊ, आमच्याकडे भजी किंवा पुऱ्या झाल्या की बरोबर दारात उभे. मी ताटलीत द्यायचे, पण मनात म्हणायचे, स्वतःचं तेल वाचवते आणि पोरांना आमच्या कढईवर पाठवते. हे मी इथे लिहिते आहे, कारण हे मी तेव्हा खरोखर मनात म्हटलं आहे. गरिबीत माणूस एकमेकांना धरून राहतो असं लोक लिहितात. मी तशी राहिले नाही.

सत्याऐंशी सालच्या दिवाळीआधीचा डबा. तेलाचे भाव कडाडले होते, सासूबाई यायच्या होत्या, फराळ करायचा होता, आणि सकाळीच ह्यांच्याशी माझं वाजलं होतं. चौथ्या बरणीत बारावं माप पडलं. अक्का माप पुसायला लागल्या आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्का, आमचं मोजून देता, मग तुमचं का नाही मोजत? दरवेळी डबा तुमच्याकडेच कसा राहतो?"

बाकीच्या तिघी आपापल्या बरण्यांची झाकणं लावायला लागल्या. एकीने पदर सारखा केला. त्यांच्याही मनात ते होतं की काय, मला आजवर कळलेलं नाही. कुणी मला थांबवलं नाही, एवढं खरं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते पितळी माप माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "आते तू वाट, विमल." मग डब्यावर झाकण ठेवून तो उचलून आत गेल्या. पुढच्या महिन्यापासून त्यांनी आपलं नाव काढून घेतलं.

पुढचा डबा माझ्या ओसरीत आला. चौघी उरलो होतो. चार दिवस थांबायचं ते अक्कांचं खूळ, असं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी झाकण कापलं. तिघींचं मोजून झालं आणि माझी पाळी आली तेव्हा माप डब्यात खोल गेलं, आणि वर आलं ते तेल नव्हतं. मातकट, जाड, शेंगदाण्याचा चोथा आणि काळपट गाळ. मी माप तसंच धरून बसले. पाच वर्षांचे डबे डोळ्यांसमोरून गेले. एवढा गाळ दर महिन्याला कुठे जात होता, ते मला त्या क्षणी कळलं... आणि मी काय केलं? तिघींना म्हटलं, बाई, वाटणीत काहीतरी चुकलं, बरण्या आणा परत. सगळं तेल पुन्हा डब्यात ओतलं, मोठ्या पळ्याने ढवळलं आणि सारखं वाटलं. प्रत्येकीला गाळ सारखा. त्या महिन्यात चारही घरांत कढईतलं तेल फेसाळून वर यायचं, धूर व्हायचा, पुऱ्या काळ्या पडायच्या. सगळ्यांनी मिलवाल्याला शिव्या दिल्या. मीही दिल्या. मिल तीच होती, तेल तेच होतं, हे फक्त मला माहीत होतं. त्यानंतर डबा कुणी आणलाच नाही. आम्ही पाचही जणी दुकानातून सुटं तेल घ्यायला लागलो, चढ्या भावाने.

तेव्हा भिंतीपलीकडे जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. दहा पावलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी पाच वर्षं काढली. आधी लाज वाटायची, मग लाजेचा राग यायला लागला आणि तो राग मी अक्कांवरच काढला. त्यांची फोडणी मला ऐकू यायची, त्यांचा खोकला ऐकू यायचा. नळावर त्या समोर आल्या की मी बादली उचलून मागे फिरायचे. मंदा वयात आली आणि आमच्या दाराशी यायची बंद झाली. आमच्याकडे पुऱ्या झाल्या की मी दाराकडे बघायचे. कुणी नसायचं, तरी मी बघायचे.

ब्याण्णव साली अक्कांचे यजमान निवृत्त झाले आणि ते सगळे मुलाकडे जळगावला जायला निघाले. सामान भरलेला टेम्पो गल्लीत उभा होता. दुपारी माझ्या दाराची कडी वाजली आणि हाक आली, "विमल..." पाच वर्षांनी. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. माझी रेखा उठली तेव्हा मी तिला हाताने खूण केली, आणि पोरीने दार अर्धं उघडून सांगितलं, आई घरात नाही. मी दाराआड उभी होते, हाताला कणीक. मग काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. टेम्पो गेल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर उंबऱ्याशी तेलाचा रिकामा डबा होता. आतून-बाहेरून घासलेला, कापलेल्या कडा ठोकून आत वळवलेल्या, हात कापू नये म्हणून. मला वाटलं, टोमणा मारून गेली. 'डबा तुमच्याकडेच कसा राहतो' ना, घे. मी तो माळ्यावर फेकला.

दुकानदाराने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जळगावची गाडी धरली. फोटोला हार घातला होता. फोटोत अक्कांचे दात तसेच, नसलेले. मंदा सासरहून आली होती. मला वाटलं, ही मला दारातून हाकलेल, आणि हाकललं असतं तर मी निमूट गेले असते. तिने मला पाणी दिलं, जवळ बसवलं. बोलता बोलता म्हणाली की आमच्या घरात लहानपणी भजी कधी झालीच नाहीत, काकू, तुमच्याकडची तेवढी खाल्ली. आई ते तळाचं तेल फडक्यातून दोनदा गाळायची आणि भाजीपुरतं वापरायची, तळायला घेतलं की ते उतू यायचं. आम्ही म्हणायचो, एकदा त्यांना सांग ना. तर म्हणायची, सांगितलं तर सगळ्याजणी गाळ वाटून घेतील, मग पाची घरांत तळण बिघडेल. एका घराचं बिघडतंय ते बरं.

मग मंदाने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला हे माहीत नव्हतं ना, काकू?"

मी म्हटलं, "नव्हतं गं."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. आणि जणू मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाली, आईचा तुमच्यावर राग नव्हता. निघताना ती तुम्हाला डबा द्यायला आली होती, तुमचं गव्हाचं पीप फुटकं आहे म्हणायची. टेम्पोत बसल्यावर आम्ही विचारलं, भेटल्या का काकू? तर म्हणाली, घरात होती, चपला दारातच होत्या. कामात असेल.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होते. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. बाजाराचा दिवस होता, बायका डोक्यावर तुरीची गाठोडी घेऊन चढत होत्या, आणि मला वाटत होतं, इथे उतरावं आणि कुठेच जाऊ नये. चुकलं, असं म्हणायला माणूस लागतं. ते आता नाही. देवासमोर म्हटलं तर देवाचं मी काही वाईट केलेलं नव्हतं. मंदाला खरं सांगता आलं असतं, तर तिच्या आईच्या फोटोसमोर बसून मी पुन्हा खोटं बोलले. म्हणून हे लिहिते आहे. मंदा, तू वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतेस असं म्हणाली होतीस. मला माहीत होतं. तुझ्या आईने नाव काढून घेतल्यानंतरच्या पहिल्याच डब्याला माहीत झालं होतं. तुझी आई त्यानंतर दहा वर्षं जिवंत होती, त्यातली पाच भिंतीपलीकडे. हे वाचून तू माझा हात झटकलास तरी चालेल. मला वाटतं, तसंच व्हावं.

घरी आल्यावर माळ्यावरून तो डबा काढला. पत्र्याला थोडा गंज चढलाय, कडा मात्र तशाच गुळगुळीत आहेत. ओट्याखाली ठेवलाय. गहू भरायला घेतले आणि भरवले नाहीत. आता घरात आम्ही दोघंच. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. पिशवीतलं तेल पाण्यासारखं स्वच्छ असतं, तरी मी ते बरणीत ओतते आणि चार दिवस हात लावत नाही. खाली काही बसत नाही. रोज बघते मी.

दुपारी कडी वाजली की पूर्वी मी आधी विचारायचे, कोण आहे. आता विचारत नाही. हाताला पीठ असलं तरी तशीच उठते. बहुतेक वेळा कुणी पत्ता चुकलेलं असतं, नाहीतर साबणाची पावडर विकणारी मुलगी. मी दार पुरतं उघडते आणि त्यांनी काही विचारायच्या आत सांगते, "आहे, मी घरात आहे."