घोडी पोहली ते वर्ष

लिटल हॅथर्लीत कुणी साल सांगत नाही. हॉलचं छप्पर कधी बदललं असं विचारलं, तर उत्तर येतं, "बिशपचं नाक पडलं, त्याच्या पुढच्या वर्षी."

मेलबर्नपासून तीन तासांवरच्या या गावात मंजिरी दबीर राहायला आली, तेव्हा तिला वाटलं होतं, सगळ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. नवरा शैलेंद्र शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर. ती गावातल्या एकुलत्या एका दुकानात पोस्टाचा काउंटर सांभाळू लागली. पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी बाई तिकडे पार्सलं तोलत बसते, असं तिची जाऊ नातेवाइकांत सांगते. मंजिरीला तोलायला आवडतं. पार्सल हातात घेतलं की त्याच्या वजनात कुणाचं तरी घर असतं.

काउंटरवर बसून बसूनच तिला गावाचा इतिहास कळला. इंग्लंडमधल्या डर्बीशरहून आलेल्या मूठभर कुटुंबांनी हे गाव वसवलं. विहीर खणताना माती वर ओढली ती डचेस नावाच्या घोडीने. पहिल्या दुष्काळात आसपासच्या विहिरींचा तळ उघडा पडला, पण ही आटली नाही. तेव्हापासून मूळ गावच्या रिवाजाप्रमाणे दर नोव्हेंबरात विहीर सजते. माणसाएवढ्या फळीवर ओली माती थापायची, तिच्यात पाकळ्या दाबून चित्र काढायचं आणि फळी विहिरीवर उभी करायची. आता पाणी नळाने येतं, विहिरीवर जाळी बसली आहे. आभार मानायची सवय मात्र सुटलेली नाही. अधूनमधून चित्रातलं काहीतरी गळून पडतं, आणि मग ते वर्ष त्याच नावाने ओळखलं जातं.

अकरा वर्षं मंजिरीने या उत्सवात चहा ओतला. स्कोन नावाचे छोटे गोड पाव वाटले. सगळे तिच्याशी गोड बोलत, आणि पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणत, "ही आपल्या डॉक्टरांची मिसेस." ते ऐकताना तिला आपण दारातल्या पायपुसण्यावरच उभ्या आहोत असं वाटे. घर समोर उजेडात, दार उघडं, आणि आत ये म्हणायचं सगळ्यांच्या ध्यानातून गेलेलं.

या वर्षी गावातल्या म्हाताऱ्या बेरिलची बोटं संधिवाताने वळेनात. इतकी वर्षं फळी तिच्याकडे होती. तिने ती मंजिरीकडे सोपवली.

"डचेसचं चित्र करते," मंजिरी म्हणाली.

"छान. फक्त, लव्ह," बेरिल सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणे, "सुरुवात कुठून करायची ठाऊक आहे ना? आधी—"

"बेरिल, नो वरीज! पाच वर्षांची असल्यापासून फुलांच्या रांगोळ्या काढतेय मी."

"बरं बाई," म्हणून बेरिल किटली भरायला गेली.

रांगोळी मधून सुरू होते आणि बाहेर फुलत जाते. मंजिरीने घोडीच्या पोटापासून सुरुवात केली. गुलाबाच्या पाकळ्यांचं अंग, बॉटलब्रशच्या लाल तुऱ्यांची आयाळ, वर लॅव्हेंडरचं आभाळ, खाली चार डौलदार पाय. बाह्यरेषेला निलगिरीची सुकी फळं. शनिवारी संध्याकाळी फळी विहिरीवर चढली. "च्यायला, खिंकाळेल आता!" शैलेंद्र म्हणाला. मंजिरी इतकी खूश होती की जेवायचं विसरली.

रात्री पाऊस पडून गेला.

सकाळी विहिरीपाशी सगळं गाव जमलेलं. आभाळ जागेवर होतं, आयाळ तर आणखीच चमकत होती. पाय मात्र नव्हते. पोटाखाली नुसता चिखल ओघळला होता आणि त्यात पाकळ्या तरंगत होत्या.

अकरा वर्षांनी एक काम मिळालं, तेही पाण्यात गेलं.

"घरी जाऊया का?" शैलेंद्रने हळूच विचारलं.

"खालून वर जायचं असतं, लव्ह," बेरिल जवळ येऊन म्हणाली. "कौलांसारखं. वरची पाकळी खालचीवर आली की पाणी घसरून जातं. तू मधून वर गेलीस ते टिकलं. मधून खाली आलीस ते गेलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की! पण तू पडलीस पाच वर्षांची असल्यापासूनची एक्स्पर्ट."

तेवढ्यात बेरिलचा नवरा केन मागून ओरडला, "अरे, डचेस पोहतेय!"

सगळं गाव हसलं. खरंच, घोडी मान वर काढून चिखलातून पोहत निघाल्यासारखी दिसत होती. मंजिरीचा चेहरा तापला. ती परडी घेऊन पुढे झाली. "तासाभरात पाय करून देते."

"खबरदार हात लावलास तर," बेरिलने तिचा दंड धरला. "मी सिडनीहून लग्न करून आले तेव्हा वर्षानुवर्षं मी फक्त 'केनची बायको' होते. मग माझ्या चित्रातल्या बिशपचं नाक पडलं, आणि मी बेरिल झाले."

मंजिरीला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. पावसाने आपलं नाव विचारलं आणि गावाला सांगून टाकलं, असं काहीतरी तिला वाटलं. ती चहा ओतायला निघाली, तर केननेच तिला खुर्ची दिली आणि कप हातात ठेवला.

पुढच्या मार्चमध्ये मेलबर्नजवळच्या टार्निटहून मुलाचा, निनादचा, फोन आला. मंजिरी काउंटरवर पार्सल तोलत होती.

"आई, बाबांची गुडघ्याची सर्जरी कधी झाली गं?"

"घोडी पोहली, त्याच्या आदल्या हिवाळ्यात."

"व्हॉट?"

रांगेत उभ्या असलेल्या केनला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिने फोनवर हात ठेवून त्याला इंग्रजीत विचारलं, "डॉक्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं रे?"

"डचेस पोहली, त्याच्या आदल्या हिवाळ्यात," केन म्हणाला.

"बघ," मंजिरी फोनमध्ये म्हणाली, आणि तिने पार्सलावर शिक्का मारला.