नलूताईंबरोबर खाडीवर

डोंबिवलीहून एस. टी. पकडली तेव्हा रविवार नुकता उजाडत होता आणि मी चिडलेली होते. नलूताई ठाणे सोडून चालल्या होत्या. वागळे इस्टेटमधला त्यांचा कारखाना बंद पडला आणि भावाने सांगलीला नोकरी पाहून दिली. त्यात आमच्या गटाने ठरवलेला निरोप समारंभ त्यांनी एका फटक्यात मोडीत काढला. "शाल कसली पांघरवताय मला? मेलेय का मी? खाडीवर चला."

आमचा गट म्हणजे खाडीकाठची तिवरं (खारफुटीची झाडं) तोडू न देण्यासाठी धडपडणारी मूठभर माणसं. भांडायच्या नलूताई. आम्ही त्यांच्या मागे उभे राहायचो.

शीळफाटा मागे पडला. मुंब्र्याचा डोंगर डाव्या हाताला ठेवत बस कळव्याला पोचली. काठावर नलूताई पदर खोचून तयार होत्या. बाकीची मंडळी संध्याकाळी टेंभी नाक्यावर भेटणार होती. होडीत आम्ही दोघीच, आणि वल्ह्यावर पांडूदादा कोळी.

"चला ताय, भरती हाय तवर जाव," ते म्हणाले. "नंतर होरी (होडी) रुतंल."

सुरुवातीला नाल्याचा उग्र वास नाकात बसला. विटाव्याच्या पुढे मात्र तिवरांची गर्द भिंत सुरू झाली. मुळांमधून निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) टुणटुण पळत होत्या. नलूताई पाण्यात हात सोडून नुसत्या बघत होत्या.

एका वळणावर त्या ताडकन उठल्या, होडी डुगडुगली. समोर तिवरं आडवी पडली होती आणि एक ट्रक त्यांच्यावर राडारोडा ओतायला मागे येत होता.

"दादा, काठाला घ्या!"

"ताय, ओहोटी लागली. अडकू."

"अडकू या."

त्या उतरल्या, मागोमाग मी. पहिल्याच पावलाला गुडघ्याएवढ्या चिखलात गेले. पाय निघाला, चप्पल राहिली. तोवर त्या ट्रकच्या मागे जाऊन उभ्या होत्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला. मुकादम धावत आला.

"ओ बाई, मरायचंय का? परमिशन आहे आपल्याकडे."

"दाखवा."

"शेठकडे आहे."

"मग शेठना बोलवा. आम्ही थांबतो."

आणि त्या तिथेच, राडारोड्याच्या ढिगावर बसल्या. पांडूदादांनी घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी सोडली. मला जवळा चालत नाही म्हणून कैरीचं लोणचंही आणलं होतं. ट्रकच्या फाळक्याखाली बसून आम्ही जेवलो. ऊन चढलं, पाणी ओसरलं, होडी चिखलात कलंडली. शेठ आला नाही.

शेवटी मुकादम वैतागला. "आज जातो. उद्या परत येणार. तुम्ही काय रोज येणार?"

"मी नाही. मी सांगलीला चाललेय," नलूताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. विचारलं नाही, खुणावलं नाही, नुसत्या बघत राहिल्या.

"मी येईन," मी म्हटलं. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं, "रोज येईन!"

ट्रक भरलेलाच परत गेला.

पांडूदादा भरतीची वाट बघत होडीपाशी थांबले. आम्ही रस्त्याने निघालो. टेंभी नाक्यावर मंडळी आमचे चिखलाने माखलेले अवतार बघतच राहिली. चहा झाला. कोणीतरी भाषण सुरू करणार, इतक्यात नलूताईंनी हात करून थांबवलं. "उद्या हिच्याबरोबर कोण जाणार ते बोला आधी." दोघांनी हात वर केले. रात्रीच्या गाडीला निघण्याआधी मला मिठी मारताना त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, भीती मलाही वाटायची." ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

अनवाणीच डोंबिवलीला परतले. बसमध्ये रडू येईल असं वाटलं होतं, पण डोक्यात उद्याचीच जुळवाजुळव चालली होती. सकाळी, मी शिकवते त्या शाळेत फोन करून रजा टाकली आणि कळवा गाठला. पुढे कित्येक दिवस आम्ही पाळीपाळीने जात राहिलो. त्या पट्ट्यातली सगळी तिवरं वाचली असं मी म्हणणार नाही. काठाकडची गेलीच. आतली उभी आहेत.

त्या पहिल्या सकाळी मुकादम मला बघून कपाळाला हात लावत म्हणाला, "बाई तर गेल्या ना?"

"गेल्या," मी म्हटलं, आणि ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिले.