पाठ झालेलं पान

वर्तकनगरच्या आमच्या मराठी शाळेत दुसरीतली एक मुलगी धडे घडाघडा म्हणायची. पण ते तिला पाठ असायचे. वाचता अक्षरही येत नव्हतं. वर्षभर मी तिला जवळ बसवून वाचायला शिकवलं. मग एका दुपारी नवंकोरं गोष्टीचं पुस्तक एकटीच वाचताना ती खुदकन हसली. म्हटलं, सुटली पोर!

जूनमध्ये वडिलांनी तिला इंग्रजी शाळेत घातलं. दिवाळीत दोघं माझ्या घरी आले. “बाईंना वाचून दाखव गं,” ते म्हणाले. ती इंग्रजी धडा घडाघडा वाचू लागली. मला जुनीच शंका आली. मी मधेच पान उलटलं. तिनं नव्या पानावर बोट ठेवलं आणि ती मागच्याच पानावरचं म्हणत राहिली. वडील कौतुकानं मान डोलावत होते. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.